हळदीकुंकवाची शिकवणी

“आजी, हात डोक्यामागे घे आणि बोटांनी छाती गोल गोल चाचपून बघ,” होस्टेलवरून आलेली माझी नात गार्गी म्हणाली.
“चावट! कॉलेजात हेच शिकवतात का?”
“आम्ही सगळ्या मुली दर महिन्याला करतो. गाठ असली तर लवकर कळते.”

माझ्या आईला छातीत गाठ झाली होती. लाजेपायी तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तिच्या आठवणीनं मी चाचपलं, तर वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले.

वेळेत ऑपरेशन झालं. यंदा गार्गी सुट्टीत घरी असताना हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना मी मोठ्यानं सांगितलं, “माझ्या स्तनात गाठ होती. गार्गीमुळे सापडली. आता मी ठणठणीत आहे.”

मग शेजारच्या कावेरीवहिनी पदर सावरत उठल्या.
“गार्गे, दार लाव. आम्हालाही शिकव.”