सुलूवन्सं हरवल्या तो सिनेमा

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४. सकाळी सव्वादहा वाजता दिगंबरपंत घाणेकरांनी सर्व्हर सुरू केला आणि कपाटभर डीव्हीडींमधल्या ३१२ चित्रपटांची नावे टीव्हीवर झळकली. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या पंतांनी हा सर्व्हर जुन्या संगणकातून स्वतः उभारला होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसलेल्या शैलजाबाईंना हवा तो चित्रपट आपला आपण लावता यावा, एवढाच हेतू.

"वर्ष, भाषा, दिग्दर्शक, कसाही शोध," म्हणत त्यांनी ऐटीत बायकोच्या हाती रिमोट दिला.

यादी वरखाली करून बाईंनी तो खाली ठेवला. "अहो, वर्षं कोण लक्षात ठेवतं? मध्यंतरात सुलूवन्सं हरवल्या होत्या, तो कुठाय?"

"अशी वर्गवारी नसते गं."

"मग राहिलं. तुमचं यंत्र तुम्हालाच लखलाभ!"

पंत खट्टू झाले. तिने सर्व्हर वापरला नाही, तर सगळा खटाटोप पाण्यात जाणार होता. त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला. "सांग, कोणता कसा आठवतो?"

चहाची वेळ होईपर्यंत शैलजाबाई सांगत होत्या आणि पंत नावे बदलत होते: 'सुलूवन्सं हरवल्या तो', 'छत्री विसरलो तो', 'शेजारणीने आपले थालीपीठ संपवले तो'.

"आणि हा, 'हे रडले तो'."

"मी? डोळ्यात कचरा गेला होता!"

"तीन तास? रुमाल माझा होता हो."

पंतांनी निमूटपणे टंकले. बाईंनी रिमोट उचलला आणि तोच चित्रपट एका दमात शोधून लावला.

शेवटापर्यंत रुमाल लागले: दोन.