बाबांची खोली

समीर आणि प्राची दोघंही अंबरनाथ एमआयडीसीत कामाला, त्यामुळे बाबांचा दिवस बदलापूरच्या फ्लॅटमध्ये एकट्यानेच जायचा. म्हणून सुट्टीत त्यांना नागावच्या समुद्रावर आणल्यावर समीरने मनाशी ठरवलं होतं, बाबा म्हणतील तीच खोली घ्यायची.

हॉटेल स्वस्तातलं होतं, पण मालकीणबाईंनी हौसेने सगळ्या खोल्या दाखवल्या. वरच्या खोलीची खिडकी उघडली की समोर समुद्रच. प्राचीने तर पलंगावर बॅगसुद्धा टेकवली. बाबा मात्र प्रत्येक खोलीच्या दारातच थांबून नको म्हणत राहिले, आणि शेवटी त्यांनी खालची, स्वयंपाकघराला लागून असलेली अंधारी खोली पसंत केली. तिच्या खिडकीतून विहिरीवरचा पंप तेवढा दिसत होता.

"बाबा, वरून समुद्र दिसतोय. इथे दिवसभर मासे तळल्याचा वास येईल," समीर जरा वैतागूनच म्हणाला.

"येऊ दे. मला हीच हवी."

"पण तुम्हाला हिच्यात आवडलं तरी काय?"

बाबांनी दार ओढून पाहिलं, पुन्हा उघडलं, आणि मालकीणबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,



"एकदा वाट चुकलो, तेव्हापासून तू मला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून जातोस. या दाराला बाहेरून कडीच नाही रे."