मापाचा चेंडू

जिन्याच्या कठड्यात अडकलेलं पहिलीतल्या मुलीचं डोकं तेल लावून सोडवलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "कठडा आजच बदला," मुख्याध्यापिका ठेकेदारावर कडाडल्या. त्याने शांतपणे पिशवीतून मापाचा लाकडी चेंडू काढला आणि दोन गजांमध्ये दाबून दाखवला. तो पलीकडे गेला नाही. "बघा बाई, सरकारी नियमात चोख बसतंय. साहेबांना विचारा की, नियम त्यांनीच केलाय!" तपासणीला आलेल्या साहेबांनी मान खाली घातली. कठडे बनवणाऱ्यांच्या संघाने कारखान्यांतल्या जिन्यांसाठी एक ऐच्छिक मानक ठरवलं होतं. आयतं मिळालं म्हणून साहेबांनी तेच, मापही न बदलता, शाळांना सक्तीचं केलं होतं. मुलीने चेंडू उचलून आपल्या डोक्याशी ताडून पाहिला. मग ती साहेबांजवळ आली. "वाईट वाटून घेऊ नका, काका," ती म्हणाली. "माझंच डोकं नियमापेक्षा लहान आहे."