पुसलेलं वाक्य

मुद्रितशोधकबाई ऑनलाइन गोष्टींचा एक गट चालवायच्या. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फक्त तेच हलवायचं आणि एकेका वाक्याने गोष्ट पुढे न्यायची. अशुद्ध वाक्य दिसलं की बाई ते पुसून टाकत.

"ताई, तो नवा माणूस चुका करतो, पण गोष्ट काय रंगवतो! सांभाळून घे की त्याला," धाकटी बहीण सकाळीच फोनवर म्हणाली होती.

"आधी भाषा, मग गोष्ट," बाईंनी तिला उडवून लावलं.

दुपारी नव्या माणसाने लिहिलं: तो जिना चढला, तेव्हा पाचवी पायरी करकरली. आज बाईंना त्यात चूक सापडेना.

बाहेर बाईंच्याच जिन्याची पाचवी पायरी करकरली.

त्याने लिहिलं: तो दारापाशी थांबला. बाईंच्या दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली आली.

मग चुकांनी बरबटलेलं वाक्य आलं: तो जिना उतरून निघून गेला. दाराखालची सावली सरकली. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण सवयीचं बोट थांबलं नाही. वाक्य पुसलं गेलं.

सावली परत आली.

बाईंनी तेच वाक्य स्वतः लिहिलं, एकही चूक न करता.

सावली हलली नाही.