तुझी शप्पथ

“तपासायला नखाएवढा तुकडा काढणार, बस्स,” हॉस्पिटलला निघताना उत्तम म्हणाला. “चल शेवंती, रिक्षा थांबलीय.”

छातीतल्या गाठीवर पदर घट्ट धरून त्याची बायको दारातच उभी राहिली. “अहो, शेजारच्या गोदूबाई म्हणतात, गाठीला सुरी लागली की ती अंगभर पसरते.”

“गोदूबाई काय डॉक्टर लागून गेल्या?”

“आणि तुमच्या टाकीतलं ते?”

कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणायचं आणि कोपरीतल्या घरी काचेच्या टाकीत प्रवाळ जगवायचं, हे उत्तमचं वेड. महिन्यापूर्वी प्रवाळाच्या दगडावर एक तपकिरी कोंब उगवला. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदारालाही तो काय आहे ते सांगता येईना. प्रवाळ मरायला लागलं, तेव्हा उत्तमने तो कोंब ब्लेडने कापून टाकला.

“ते गेलं. मुळासकट.”

“नक्की?”

“अगं, तुझी शप्पथ.”

शेवंतीने पायातली चप्पल काढली.

“टाकीवर तुम्ही घातलेली चादर सकाळी उचलून बघितली मी. दगड दिसत नाही, इतके कोंब झालेत,” ती म्हणाली. “माझी खोटी शप्पथ कशाला घेतलीत हो? आजच?”