एका हरणाचा परवाना

"उरलीसुरली साखर हरणाच्या दुधात, आणि आम्ही कोरा चहा प्यायचा," राजाभाऊ लीनाच्या कानाशी पुटपुटला.

"हळू बोला, भाऊजी. ताप उतरलेला नाही अजून."

राजाभाऊ तिच्या नवऱ्याचा, चंद्रहासचा, तेल कंपनीतला सोबती. इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि त्याची खोली लुटली गेली, तेव्हापासून तो फिंतास उपनगरात यांच्याकडेच होता.

मागच्या खोपीतलं घरमालकांचं हरण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये मालक गाडीत माणसं कोंबून सौदीकडे निघाले, तेव्हा चंद्रहासचे दोन्ही हात धरून एवढंच म्हणाले, "अमानत आहे." पाय जायबंदी, रस्तोरस्ती सैनिकांचे नाके. बरोबर नेणं शक्यच नव्हतं. लीना नर्स. पायाची पट्टी तीच बदलायची.

नोव्हेंबरात एका दुपारी एक सैनिक दारात आला. हरणाचं त्याला गल्लीतच कळलं होतं. मटण खाऊन फार दिवस झाले, म्हणाला.

चंद्रहासचा जन्म सेफ्टी विभागात गेलेला. परमिटशिवाय त्यानं कधी कुणाला स्क्रूही फिरवू दिला नव्हता. तोंडातून निघूनच गेलं, "शिकारीचं परमिट आहे?"

मग त्याला थांबता येईना. परवाना लागतो, हा हंगाम बंदीचा, मादी तर मारताच येत नाही आणि ही मादीच आहे. कायदा नक्की काय होता, देव जाणे. सैनिकानं सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं.

"कुठल्या सरकारचा कायदा?"

सैनिक हसत निघून गेला.

पुणेरी पाटीपुढे सैन्यानंही हात टेकले, असं राजाभाऊ जेवताना म्हणाला. लीना हसली नाही. दुसरीकडे हलवू या, असं तिनं सुचवून पाहिलं. पण कुठे, आणि कसं? पाय टेकवत नव्हता. तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सैनिक आला तो कागद घेऊन. खाली साहेबाचा शिक्का. हरीण, नग एक, नर किंवा मादी.

चंद्रहासनं कागद दोनदा वाचला. यावर तारीख नाही, म्हणाला. सैनिकानं चंद्रहासच्याच खिशातलं पेन काढून तारीख घातली आणि तो मागच्या अंगणात गेला.

खोपीला बाहेरून कडी नव्हती, तरी दार उघडेना. सैनिकानं एक लाथ मारून पाहिली, मग बंदुकीची नळी फळ्यांच्या फटीत घातली. आत गवत सळसळलं.

चंद्रहासच्या हातात अजून तो परवाना होता. राजाभाऊ जमिनीकडे बघत होता.

लीनानं पुढे होऊन नळी हातानं धरली आणि आपल्या दवाखान्यातल्या अरबीत म्हणाली, "हरण ऑगस्टमध्येच मेलं. आत मालकांचा मुलगा आहे."