आवाजाची नवी डिस्क

बटण दाबलं की दिवा लागत होता, पंखा फिरत होता आणि स्क्रीन काळीच राहत होती.

“नवीन डिस्क बसवलीस म्हणून रुसला असेल,” आई म्हणाली.

“रुसायला कारण लागतं. आणि कारण सापडतं,” लेक म्हणाली आणि तिने लॅपटॉप उलटा केला.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ते टाइप करत आणि लॅपटॉप बोलत असे, अगदी बातम्या सांगितल्यासारखा. घरात खुणांनी भागायचं. शाळेत मात्र बाबा त्याच आवाजात सातवीला गणित शिकवायचे. आज दुपारच्या तासाला मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसणार होत्या. का, ते फक्त लेकीला माहीत होतं. त्यांनी तिलाच फोन केला होता.

“सरांना वाईट वाटेल म्हणून तुझ्याशी बोलतेय. मुलं प्रश्न विचारतात आणि ते मशीन नुसतं गप्प. एक तास बघते. तसंच असेल तर वर्ग काढून घेऊन त्यांना ऑफिसचं काम द्यावं लागेल.”

लेकीने फिजिक्समध्ये पदवी घेतली होती. मशीन हळू असेल तर ते जलद करता येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फोनबद्दल ती बाबांना काही बोलली नाही. त्यांचा लॅपटॉप तिने तपासला. डिस्क जुनी, सुरू होईपर्यंत चहा होऊन पिऊनही झाला असता. कारण उघड होतं. “नवीन डिस्क बसवते, बाबा. पळायला लागेल बघा.” बाबांनी राहू दे म्हणून हात हलवला होता. आपल्याला त्रास नको म्हणून म्हणताहेत, असं तिला वाटलं.

तिची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिने नवी डिस्क काढली. डिस्क नसली तरी ‘डिस्क सापडत नाही’ एवढं तरी स्क्रीनवर यायला हवं. स्क्रीन काळी. जुनी डिस्क परत बसवली. काळी. मेमरीची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली. काळी.

“आता काय राहिलं?” आईने विचारलं.

“तेच बघतेय. दर वेळी मी काहीतरी बदललं. बदललं नाही असं काय आहे?”

तिने टेबलाकडे पाहिलं. स्क्रू हरवू नयेत म्हणून तिने चुंबकाची चटई अंथरली होती. ती अशा बाबतीत फार काटेकोर होती. दर वेळी तिने लॅपटॉप त्याच चटईवर ठेवून बटण दाबलं होतं. आणि झाकण मिटलंय हे लॅपटॉपला कळतं, तेही झाकणातल्या एका लहानशा चुंबकामुळेच. चटईवर ठेवला की बिचाऱ्याला वाटत होतं, आपलं झाकण बंद आहे. मग स्क्रीन कशाला लावायची?

तिने नवी डिस्क पुन्हा बसवली, लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली.

“चुंबकं शिकायलाच कॉलेजात गेली होतीस ना गं?” आई म्हणाली.

“म्हणून तर सापडलं,” लेक म्हणाली. बाबांचे खांदे हसण्याने हलत होते.

दुपारी शाळेत तास छान सुरू झाला. बाबा टाइप करून एंटर दाबायचे आणि त्यांनी बोट उचलायच्या आत आवाज वर्गभर जायचा. लेक प्लगजवळच्या खुर्चीत, काही अडलंच तर हाताशी असावं म्हणून बसली होती. काही अडत नव्हतं. मनातल्या मनात तिने स्वतःची पाठ थोपटली.

मग चष्मा लावलेली एक विद्यार्थिनी उभी राहिली. “सर, सहाला शून्याने भागलं तर किती येतात?”

बाबांनी उत्तर टाइप केलं. लेकीला ते स्क्रीनवर पूर्णविरामासकट दिसत होतं. आवाज मात्र आला नाही. मागच्या बाकावर मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं. लेक उठायला लागली, तर बाबांनी तिच्याकडे न बघताच तळहात खाली दाबला. बस. दुसऱ्या हाताचं बोट एंटरच्या बटणावर अधांतरी होतं.

“शून्य,” कुणीतरी म्हणालं.

“शून्य कसं? भागायचं म्हणजे वजा करत जायचं ना?” चष्मेवाली बोटं मोजत म्हणाली. “सहातून शून्य काढलं, सहाच उरले. परत काढलं, परत सहाच.”

“मग काढत बस जन्मभर,” मागून एकजण म्हणाला. वर्ग हसला.

ती हसली नाही. “हो, संपणारच नाही ते,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे याला उत्तरच नाही.”

बाबांनी एंटर दाबलंच नाही. टाइप केलेलं अख्खं वाक्य त्यांनी पुसून टाकलं आणि तिच्याकडे बघून टाळी वाजवली.

मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या. त्यांनी शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं, “सर, मशीन अजून अडकतंय का?”

बाबांची बोटं चालली आणि त्या खाली बसायच्या आत बातम्यांचा तो आवाज वर्गभर आला.

“मशीन आधीही कधी अडकलं नव्हतं, मॅडम. मी थांबतो.”